टुकार गाण्यांचा संग्रह करायचाय? आधी कॅसेटची बुरशी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: म्हापशाजवळच्या जुन्या घराच्या माळ्यावर दीड-दोनशे कॅसेटींचं खोकं सापडलंय. सिनेमाच्या चालींवरची देवीची गाणी, गावच्या नाटकाचं रेकॉर्डिंग, निवडणुकीची गाणी, कुणी पदरमोड करून काढलेले ‘अल्बम’ असा सगळा माल त्यात आहे. बरीचशी गाणी ऐकून पोट धरून हसायला येतं. ती जपायचीत आणि मित्रांना ऐकवायचीही आहेत. सुरुवात कुठून करू?

सुरुवात म्हणजे आज एकही कॅसेट वाजवू नका. गाजलेलं गाणं कुठे ना कुठे सापडतंच. टुकार गाण्याला मात्र वाली नसतो. काढणारी कंपनी बुडालेली असते, गायकाला आता त्याची लाज वाटत असते, मूळ टेपवर पुढच्या कुणाचं तरी भजन भरलेलं असतं. तुमच्या खोक्यातली प्रत शेवटची असण्याची शक्यता खरीच आहे. अमेरिकेतल्या ‘द शॅग्ज’ या बहिणींच्या बँडने १९६९ साली एक तबकडी काढली. ताल एकीकडे, गाणं दुसरीकडे. छापलेल्या हजार प्रतींपैकी बहुतेक कधी बाजारात पोचल्याच नाहीत, असं सांगतात. थोड्या प्रती काही लोकांनी सांभाळल्या म्हणून १९८० साली ती पुन्हा निघाली, आणि आज जगभर तिचे चाहते आहेत.

तर पहिल्यांदा प्रत्येक कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून रिळाची कड बघा. कड काळी-तपकिरी आणि गुळगुळीत असेल तर ठीक. पांढरी भुकटी, कापसासारखे तंतू किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट आतून घाम फुटल्यासारखं ओलं होतं, आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला मोकळं रान मिळतं. बुरशीची एक कॅसेट चांगल्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घातली की हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग), रोलर आणि पुढच्या दहा कॅसेटी सगळ्यांना प्रसाद मिळतो. म्हणून बुरशीवाल्या वेगळ्या पिशवीत, वेगळ्या खोलीत ठेवा, आणि हाताळताना तोंडाला मास्क लावा.

त्या वाळवायला उन्हात ठेवू नका. ओव्हनमध्ये तर नाहीच. टेप तापवण्याचा जो उपाय ऐकायला मिळतो, तो विशिष्ट काळातल्या, चिकट झालेल्या मोठ्या रिळांच्या टेपसाठी आहे. घरच्या कॅसेटीचं कवच आणि फीत त्याने वाकडी होते. तांदळाच्या डब्यात ठेवणं हाही खुळचटपणाच, आत पीठ जातं. घट्ट झाकणाचा दहा लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी जाळीच्या पिशवीत २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे), वर कॅसेटी उभ्या, आणि आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांवर स्थिरावला की दोन आठवडे तसंच राहू द्या. रंग बदलणारं जेल घ्या. नारिंगी हिरवं पडलं, की ते ११० ते १२० अंशांवर तास-दीड तास भाजून पुन्हा वापरता येतं. वाळलेली बुरशी बाहेर अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून मऊ ब्रशने झाडायची. मग ती कॅसेट एखाद्या जुन्या, टाकाऊ टेपरेकॉर्डरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गुंडाळून घ्यायची, आणि त्यानंतरच चांगल्या डेकला लावायची. चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटीही वाजवण्याआधी एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळाव्यात, कारण वीस वर्षं एकाच ठिकाणी थांबलेल्या फितीचा ताण सगळीकडे सारखा नसतो.

स्वस्तातल्या कॅसेटींचं एक ठरलेलं दुखणं म्हणजे प्रेशर पॅड. तांब्याच्या पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा तो चौकोनी तुकडा फितीला हेडवर दाबून धरतो. डिंक सुकला की तो गळून पडतो आणि आवाज गाळात गेल्यासारखा येतो, मध्येच उंचावतो, मध्येच बुडतो. पुष्कळ लोक याला गायकाचा दोष समजतात! अशी फीत पाच स्क्रूच्या दुसऱ्या चांगल्या कवचात हलवायची. १९८०-९० च्या दशकांतल्या बऱ्याच स्वस्त कॅसेटींना स्क्रू नसतात, कवच चिकटवलेलं असतं. ते सांध्यावर पातळ पातं ठेवून थोडं थोडं फिरवत उघडावं लागतं. टोकाची पांढरी पट्टी सुटली असेल तर कॅसेटसाठीच मिळणारी जोडपट्टी वापरा. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर असते, पट्टी तिच्याबाहेर जाता कामा नये, आणि ती फितीच्या आतल्या, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूला लावायची. सेलोटेप लावलात तर उन्हाळ्यात तिचा डिंक पसरतो आणि वरचा वेढाही चिकटतो.

आता डेक. यूएसबीची वायर असलेले वॉकमनसारखे डबे घेऊ नका. त्यांचा वेग थरथरतो आणि टुकार गायकाच्या नशिबी नसलेला आणखी एक दोष चिकटतो. दुरुस्त केलेला जुना चांगला डेक घ्या, पट्टे नवीन टाकून घ्या. हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारा धातूचा बारीक दांडा) ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने दर पाच-सहा कॅसेटींनंतर पुसा. त्यावर फीत दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र साबणाच्या पाण्याचा ओलसर बोळा बरा, अल्कोहोलने रबर कडक होतं आणि कडक रबर टेप खातं. डेकच्या लाइन-आउटमधून ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या डब्याच्या) लाइन-इनमध्ये जोडणी करा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातलं तर डावी-उजवी अशा दोनऐवजी एकच वाहिनी मिळते आणि आवाज फाटतो. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आवाजाची कमाल पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. याने एका मिनिटाला सुमारे १७ एमबी, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटीला साधारण एक जीबी जागा जाते. फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवलंत तर तेच बरंच आटतं आणि काहीच हरवत नाही. मित्रांना द्यायला एमपीथ्री चालेल, पण ती मूळ फाइल म्हणून ठेवायची नाही. डेकवरचं डॉल्बीचं (टेपची खरखर कमी करणाऱ्या सोयीचं) बटण बंद, वेष्टनावर तसं चिन्ह छापलेलं असेल तरच चालू.

इथे दोन कामं अशी आहेत जी बहुतेक जण करत नाहीत. त्याने आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एक, हेडचा कोन. स्वस्त कंपन्यांची नकला काढायची यंत्रं एकसारखी लावलेली नसत, त्यामुळे दोन कॅसेटींचा कोन क्वचितच जुळतो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने नोंदवा. दोन्ही वाहिन्या एकत्र करून एकच करा, हेडफोन लावा, आणि झांज किंवा ‘स’, ‘श’ ही अक्षरं ऐकत स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत हलवा. दोन वाहिन्या एकमेकींना खोडत असतील तर आवाज मंद येतो. कोन जुळला की कानावरचा पडदा बाजूला होतो. काम झालं की स्क्रू ठिपक्यावर परत.

दुसरं म्हणजे वेग. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर असतो, पण गावात भरलेल्या कॅसेटी दोन-चार टक्के इकडेतिकडे असतात. सहा टक्क्यांचा फरक म्हणजे जवळपास अर्धा स्वर, पेटीवरच्या ‘काळी एक’ची ‘पांढरी दोन’ होते. गाण्यात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल तर तो ४४० हर्ट्झला, म्हणजे ठरलेल्या प्रमाण सुराला, लावलेला असतो असं धरून ट्यूनरवर ताडून बघता येतं. कीबोर्ड नसेल तर विजेची गुणगुण शोधा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण शिरली असेल आणि ती तुमच्याकडे ५१.५ वर दिसत असेल, तर कॅसेट तीन टक्के जलद चाललीय. मात्र तुमच्या डेकचीही स्वतःची गुणगुण असते. टेप थांबवल्यावरही जी राहते ती तुमची, ती मोजायची नाही. मूळ फाइल तशीच ठेवून वेग सुधारलेली वेगळी प्रत करा.

पण सुधारणा वेगावर थांबवा. गायकाचा सूर, चुकलेला ठेका, मध्येच भुंकलेलं कुत्रं, ‘अरे, लाव परत’ हे शब्द, यातलं काही काढू नका. खरखर काढणारी सॉफ्टवेअरं जोरात लावली की आवाज पाण्याखालून येतो आणि मागच्या खोलीतली हालचाल मरते. गावच्या नाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये गंमत नेमकी त्यातच असते: नट ‘काळी चार’मध्ये सुरू करतो, ऑर्गनवाला ‘पांढरी पाच’मध्ये असतो, आणि पुढच्या दोन मिनिटांत कोण कुणाला शरण जातो ते ऐकायचं असतं.

तबकड्या आणि सीडींबद्दल थोडक्यात. जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लागता कामा नये, ती विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी, एक थेंब सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. तिला जाड, तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, लॉंगप्लेची सुई खोबणीच्या तळाशी आपटत जाते. २००० नंतरच्या घरी भरलेल्या सीडी सगळ्यात आधी कॉपी करा, त्यांचा रंगीत थर कॅसेटीपेक्षाही लवकर मरतो. व्हीसीडीतला व्हिडिओ नव्या स्वरूपात ‘बदलून’ घेऊ नका, आतली फाइल जशीच्या तशी उतरवा.

आता नोंदी. संग्रहाचा अर्धा जीव यात आहे, आणि लोक इथेच आळस करतात. गाण्याचा मुखडा देवनागरीत, गायक, कवी, वादक जे छापलंय ते जसंच्या तसं (चुकीचं शुद्धलेखनही), चाल कुठल्या गाण्यावरून उचललीय, कंपनी, क्रमांक, बाजू, किंमत, कॅसेट कुठे आणि कधी मिळाली, आणि वेष्टनाचं दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयचं स्कॅन. वर्ष बहुतेकदा छापलेलं नसतं, पण वेष्टन बोलतं. पत्त्यात ‘गोवा, दमण आणि दीव’ असेल तर ते छपाईकाम ३० मे १९८७च्या आधीचं असण्याची दाट शक्यता, कारण त्या दिवशी गोवा राज्य झालं. पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. मोबाईल क्रमांक असेल तर १९९५ नंतरचं. जुने कागद वापरून टाकायची सवय छापखान्यांना असते, म्हणून असा एकच पुरावा धरून वर्ष लिहू नका, ‘अंदाजे’ असं लिहून शेजारी कारण द्या. नंतर कुणी तुमची चूक दुरुस्त करू शकला पाहिजे.

संग्रहात काय घ्यायचं, यावर मतभेद असतात. एक कसोटी मात्र उपयोगी पडते: गाणाऱ्याने ते मनापासून गायलंय का? फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स या बाईंनी २५ ऑक्टोबर १९४४ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ऑपेरा गायला. सूर त्यांना कधीच सापडला नाही, आणि त्या त्याच नेकीने गात राहिल्या. म्हणून आजही ऐकवतं. हल्ली मुद्दाम वाईट बनवलेलं गाणं दुसऱ्यांदा ऐकवत नाही. नुसतं कंटाळवाणंही नको. गाण्यात कुणीतरी अजब निर्णय घेतलेला असावा: ग्रामदेवतेच्या गाऱ्हाण्याला डिस्कोचा ठेका, कुटुंबनियोजनाच्या संदेशाला लावणी, किंवा शार्दूलविक्रीडितात, म्हणजे ओळीला एकोणीस अक्षरांत, मामा-मावशांची सगळी नावं कोंबलेली मंगलाष्टकं, ज्यात एका काकांसाठी वृत्ताचं हाड मोडावं लागतं.

गोव्यात राहून मराठी कानाची एक मोठी चूक होते, ती टाळा. तियात्रातलं, म्हणजे कोकणी रंगभूमीवरच्या नाटकातलं, कांतार (गाणं) ऐकून ‘हा बाबा एवढा ओरडतो का’ म्हणत ते टुकारांच्या पेटीत टाकलं जातं. तियात्र १८९२ साली मुंबईत सुरू झालं, रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द पोचवणं ही त्या गाण्याची गरज, आणि ट्रम्पेटच्या जोडीने राजकारण्याला चार चाबूक ओढणं हा त्याचा धर्म. ती एक शैली आहे. दशावतारातल्या गायनाचंही तेच. ज्याचे नियम आपल्याला माहीत नाहीत ते वाईट म्हणून नोंदवलं तर तुमच्या संग्रहावर रसिकाचा विश्वास उरत नाही. रोमी (रोमन लिपीतली) कोकणी वाचता येत नसेल तर शेजारच्या कुणाला बसवून कांतारांचा अर्थ आधी समजून घ्या. कित्येकदा गाणं भन्नाट निघतं आणि पेटी बदलावी लागते.

नवीन माल कुठे मिळेल? म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहेच, पण खरा हंगाम मेचा दुसरा पंधरवडा. पावसाआधी घरं शाकारताना, माळे साफ होताना खोकीच्या खोकी बाहेर येतात आणि भंगारवाल्याच्या गाडीवर चढतात. बंद होत आलेली रेडिओ दुरुस्तीची दुकानं आणि साउंडवाले हे दोन झरे आटण्यापूर्वी गाठा. निवडणुकीची गाणी महिन्याभरात नाहीशी होतात. २०१२, २०१७, २०२२च्या विधानसभा निवडणुकांत रिक्षा-जीपवर वाजलेलं साउंडवाल्याच्या जुन्या पेन ड्राइव्हवर अजून पडलेलं असू शकतं. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्रीसाठी केलेल्या डीजे मिक्सचीही तीच गत: अक्राळविक्राळ हसणं, टेक्नो आणि मध्येच आरती, आणि दुसऱ्या दिवशी पुतळ्याबरोबर तेही खाक. ही मिक्स मागताना ‘पुढच्या वर्षी वाजवायला हवंय’ असं खोटं सांगू नका, संग्रहासाठी हवंय म्हणा. बहुतेक जण खुशीने देतात.

शेअर करण्याबद्दल. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षांपर्यंत असतो. पण गीत आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, त्यामुळे मुद्रण मोकळं झालं तरी गाणं मोकळं झालेलं नसू शकतं. घरच्या घरी स्वतःसाठी कॉपी करणं आणि ती इंटरनेटवर टाकणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तीस सेकंद चालतात’ ही अफवा आहे, कायद्यात असा आकडा नाही. शिवाय चाल सिनेमाची असेल तर यूट्यूबची यंत्रणा गावच्या भजनालाही ओळखते आणि दावा मोठ्या कंपनीकडे जातो. म्हणून इंटरनेटवरचा दुवा म्हणजे संग्रह असं समजू नका. जुलै २०१७मध्ये बेसूर गाण्यांनी गाजलेल्या ढिंच्याक पूजाचे व्हिडिओ एका तक्रारीनंतर यूट्यूबवरून उडाले होते, तेव्हा नुसते दुवे जपणाऱ्यांकडे काही उरलं नाही. तीन प्रती ठेवा: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि फाइलच्या नावातच गायक व मुखडा घाला, नाहीतर तिसऱ्या फॉरवर्डला गाणं अनाथ होतं.

गायक हयात असेल तर टाकण्याआधी विचारा. ‘तुमचं जुनं गाणं मिळालं, नोंद करून ठेवतोय, लोकांना ऐकवलं तर चालेल का?’ इतकं पुरे. ‘सगळ्यात भिकार गाणी’ अशा यादीत घालणार असाल तर तेही सांगा; सांगायला जीभ धजत नसेल तर यादीचं नाव बदला. लग्नाच्या, बारशाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या घरगुती कॅसेटी आणि मुलांचे आवाज घराबाहेर जाऊ देऊ नका, गाणं कितीही अफलातून असो.

मित्रांना बाल्कांवात (घराच्या दारातल्या बसायच्या ओट्यावर) बसवून ऐकवायचं असेल तर एका बैठकीत सहा गाण्यांपेक्षा जास्त नको. तिसऱ्या गाण्यानंतर कान सरावतो आणि वाईटपणा ऐकूच येईनासा होतो, म्हणून चौथं गाणं खरोखर चांगलं लावा, शक्यतो त्याच काळातलं, त्याच गावचं. प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यं सांगा, कोण आणि कुठलं. ‘आता बघा काय होतं’ असं म्हणून विनोदाची हवा काढू नका. पूर्ण गाणं लावायचा हट्ट धरू नका, दीड मिनिटात गाण्याने आपलं काम केलं नाही तर पुढचं लावा. आणि स्पीकर दहाच्या आत बंद. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावायला नियमाने बंदी आहेच, पण शेजारच्या घरात त्या गायकाचा भाचा राहत असण्याची शक्यता गोव्यात त्याहून मोठी.